आमच्या भागातलं कंट्रोलचं दुकान : माणसाला चार तारे, गोणीला अडीच

नकाशावर या रेशनच्या दुकानाला कुणीतरी एकच तारा देऊन ठेवलाय आणि खाली ‘सगळे चोर’ एवढंच लिहिलंय. तेवढ्यावरून कुणाला काही कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोण ते आधी सांगते. आमचं कार्ड पांढरं, त्यावर एक दाणा मिळत नाही. पण माझी आत्ती अंत्योदयमध्ये, म्हणजे गरिबातल्या गरिबांच्या कार्डावर आहे. पंच्याहत्तरीच्या पुढं गेलीय, एकटी राहते, म्हणून दर महिन्याला पिशव्या घेऊन मी तिच्याबरोबर जाते. शिवाय मंगळवेढ्यात माझी पिठाची गिरणी आहे. कंट्रोलचा माल सुटला की दोन दिवसांत तो डब्याडब्यांतून माझ्याकडं यायला लागतो. दुकानात काय मिळतं ते मी ओळीत उभी राहून बघते आणि घरात गेल्यावर त्याचं काय होतं ते गिरणीत बसून.

दुकान बोळाच्या तोंडाशी आहे, पत्र्याचं. समोर लिंबाचं झाड असल्यानं ओळीला सावली मिळते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं ही मोठी सोय झाली. बाहेर फलक आहे. त्यावर साठा खडूनं लिहिलेला असतो आणि तो खरंच चालू महिन्याचा असतो. गहू-तांदळाचे नमुने बरणीत ठेवलेत. तक्रारवही मागितली तर मिळते, मी मागून बघितलीय. वहीत फारसं काही नाही. ज्यांची तक्रार आहे त्यातल्या कित्येकींना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना पुढच्या महिन्यात याच माणसापुढं अंगठा ठेवायचा असतो.

दुकानदार तोंडाचा फटकळ, पण म्हाताऱ्यांना हिडीसफिडीस करत नाही. आत्तीचा अंगठा मशीनवर उठत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, नंतर जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं धरलं, अंगठ्यावर रेषा उरल्यात कुठं? आधी हे बोट, मग ते बोट, मग पदराला पुसून परत पहिलं. मागची ओळ चुळबुळ करायला लागते. आता नव्या मशीनला डोळा बघायचं यंत्र जोडलंय. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर येतो, ते तिच्या डोळ्यापुढं धरतो आणि म्हणतो, “आज्जी, माझ्याकडं नका बघू, आरशात बघितल्यागत सरळ बघा.” पावती निघाली की आत्ती दरवेळी विचारते, “झालं का रं? बघितलं का सरकारनं?” तो म्हणतो, “बघितलं, आता पिशवी धरा.” चारपैकी दोन तारे मी याच कामाचे दिलेत.

रेंज नसली, सर्व्हर झोपला, की मात्र सगळंच झोपतं. अशा वेळी तो ‘उद्या या’ म्हणतो, आणि उद्या आलेल्या बाईची एक दिवसाची हजेरी बुडते. त्यात त्याचा दोष नाही. पण ते दुकानाच्या खात्यावरच मांडलं जातं, कारण लोकांना दिसतं ते दुकान. सर्व्हर कुठं असतो ते कुणाला दिसतंय?

वजनाचं सांगते. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, आकडा आपल्याकडं वळवलेला असतो. तरी गिरणीच्या काट्यावर परत तोललं तर ३५ किलोत अर्धा-पाऊण किलो कमी भरतं. विचारलं तर म्हणाला, “गोडाऊनातनं गोणीच कमी येतीय ताई, मी काय घरनं घालू?” आणि एक न फोडलेली गोणी काट्यावर ठेवून दाखवली. बारदानाचं वजन धरून मी मनात हिशेब केला, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला क्विंटलमागं दीडशे रुपये मार्जिन मिळायचं, २०२५ मध्ये सरकारनं त्यात वीसची भर घातली. म्हणजे आत्तीच्या ३५ किलोवर साठ रुपयेसुद्धा सुटत नाहीत, आणि त्यातच हमाली, भाडं, लाईटबिल, हाताखालचा पोरगा. मला हे पटतं असं नाही, पण कळतं. एक तारा मात्र इथं कापला.

दुकानात ज्या गोष्टींवरून भांडणं होतात त्यातल्या निम्म्या दुकानाच्या नसतातच. आत्ती एकटी, तिला ३५ किलो. तिच्या शेजारच्या घरात खाणारी सहा तोंडं, त्यांचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, माणशी ५ किलो, म्हणजे ३०. अंत्योदय २००० साली सुरू झाली, ती गरिबातल्या गरिबांसाठी आणि कार्डावर. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तो माणसावर. दोन्ही हिशेब एकाच काट्यावर आले की शेजारीण आत्तीच्या पिशवीकडं बघत राहते. उरलेल्या तांदळाचं आत्ती काय करते ते मी इथं लिहीत नाही. गल्लोगल्ली काटा घेऊन फिरणाऱ्या टेंपोवाल्यांना विचारा.

शेजारणीकडं खाणारी तोंडं खरी आठ आहेत. सुनेचं आणि नातवाचं नाव अजून धान्याला लागलेलं नाही. दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो, “इष्टांक संपलाय.” राज्यात सात कोटींच्या आसपास माणसांनाच धान्य द्यायचं असं ठरलेलं आहे, आणि ती संख्या २०११ च्या जनगणनेवरची. कुणी मेलं, कुणाचं नाव कटलं, तर जागा रिकामी होते. नातू शाळेत जायला लागला तरी अजून कुणी मरायचं बाकी आहे. शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार ही उत्पन्नाची हद्दही जुनीच. ५९ हजार म्हणजे दिवसाला १६१ रुपये. आमच्याकडं खुरपणीला जाणारी बाई त्याहून जास्त हजेरी घेते. कागद काटेकोर बघितला तर लिंबाच्या सावलीत ओळच उरायची नाही. आणि ती उरलीय ती सगळ्यांनी मिळून थोडी डोळेझाक केल्यामुळं.

चांगलंही सांगायला पाहिजे. शेजारणीचा थोरला पुण्याकडं कंपनीत आहे, तो आपल्या वाटणीचं धान्य तिकडंच उचलतो. एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून हे जमायला लागलं. आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पूर्वी चार-पाच महिन्यांचा शिधा बुडायचा, किंवा त्यांच्या नावावर दुसराच कुणी उचलायचा. अंगठ्यानं आत्तीला छळलं हे खरं, पण त्याच अंगठ्यानं मेलेल्या माणसांचं जेवणं बंद केलं.

जानेवारी २०२३ पासून सगळं धान्य फुकट झालं. आधी गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो होता. आत्ती पदराच्या गाठीतून नोटा काढून मोजायची आणि पैसे दिले म्हणून बोलायची सुद्धा. “हे काय गहू दिलंस रं, निम्मी माती!” असं ती भर दुकानात ओरडलेली मी ऐकलंय. आता ओरडत नाही. फुकटचं आहे, काय बोलायचं, म्हणते. ओळीतल्या बहुतेक बायकांचं असंच झालंय. शंभराच्या आतबाहेरचे पैसे वाचले ते चांगलंच झालं, गरिबाला तेवढेही कामाला येतात. पण पैशाबरोबर भांडायचा हक्कही सरकारनं माफ करून टाकला, तो कुठल्या फलकावर लिहिलेला नाही.

आता माल. गहू बरा असतो. दाणा बारीक, कधी पोचट, कधी पोरकिडा लागलेला. खडे असतात. चपाती होते, पण पीठ पाणी कमी पितं आणि चपाती दुपारपर्यंत वातड होते. तांदूळ जाड, भात चिकट. त्या तांदळात मधूनच पांढरट, जरा वेगळाच दाणा दिसायचा. त्यावरून आमच्या भागात ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून केवढा गोंधळ झाला! बायका ताटात तांदूळ पसरून ते दाणे वेचून टाकायच्या. एकीनं तर पुडीत बांधून माझ्याकडं आणले, “दळून बघा ओ, जाळीत अडकतंय का.” दळले. पीठच झालं, कारण ते पीठच असतं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रात परत दाण्याचा आकार द्यायचा आणि शंभर किलोत एक किलो मिसळायचं, असं ठरलं होतं. बाया-पोरींच्या अंगात रक्त कमी म्हणून ही सगळी खटपट. योजना दिल्लीत ठरली, दाणा गिरणीत बनला, गोणी मंगळवेढ्यापर्यंत आली आणि शेवटच्या दहा फुटांत कुणी तोंड उघडून सांगितलं नाही. मग ज्यांच्यासाठी ते लोह घातलं त्यांनीच ते वेचून कोंबड्यांना टाकलं. दुकानदाराला विचारलं तर त्यालाही धड माहीत नव्हतं. गोणीवर छापलेलं असतं म्हणे. गोणी वाचायला कोण घरी नेतंय?

खरी तक्रार मात्र पुढंच आहे, आणि ती एकट्या दुकानाची नाही. गोणीत असतं काय? गहू आणि तांदूळ. आणि कुठं? मंगळवेढ्यात!

बाहेरच्यांसाठी सांगते. आमची जमीन काळी, पाऊस तोकडा. परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, मालदांडी. मोत्यासारखा टपोरा दाणा, भाकरी पांढरीशुभ्र. आमच्या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावाची सगळ्यात मोठी गोष्टच सरकारी धान्याची आहे. दामाजीपंत बेदरच्या, म्हणजे बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात लोक मरायला लागले तेव्हा त्यांनी वरची परवानगी न घेता सरकारी कोठारं उघडली आणि धान्य लुटू दिलं. पुढं विठोबानं विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन त्याचे पैसे भरले, असं सांगतात. विठोबानं पैसे भरले की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्या कोठारात जे होतं ते इथल्याच रानातून वसूल झालेलं असणार, आणि उपाशी माणसाच्या हातात पडलं ते त्याच्या ओळखीचं धान्य असणार.

आत्तीच्या गोणीत ओळखीचं काही नाही. कारण सोपं आहे. १९६५ मध्ये अन्न महामंडळ निघालं, सरकारनं हमीभावानं खरेदी केली ती मुख्यतः पंजाब-हरियाणाकडचा गहू आणि तांदूळ. तोच साठला, तोच रेल्वेनं देशभर फिरला. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी नावाला. मग दुकानात दोन-तीन रुपयांना गहू-तांदूळ आणि बाजारात त्याच्या दहापट भावाची ज्वारी, यात मजुरी करणारी बाई काय निवडणार? माझ्या माहेरी गव्हाची पोळी म्हणजे होळी नाहीतर बेंदूर. रोज भाकरी. आता उलटं झालंय आणि ते कुणी हुकूम काढून केलेलं नाही.

माझ्याकडं दोन चक्क्या आहेत, एक ज्वारीची, एक गव्हाची. गिरणी टाकली तेव्हा ज्वारीची चक्की सकाळी सुरू झाली की दुपारी जेवायलाच थांबायची, आणि तिच्याच दगडांना सारखी टाकी लावून घ्यावी लागायची. आता कारागीर येतो तो गव्हाच्या चक्कीसाठी. ज्वारीवर दिवसातले दोन तास. आणि ज्वारी घेऊन येतं कोण? मास्तर, बँकेतले साहेब, दवाखान्यात साखर वाढली म्हणून सांगितलेले, नाहीतर ज्यांची स्वतःची ज्वारीची रानं आहेत ते. चांगल्या मालदांडीला किलोमागं चाळीस-पन्नास रुपये मोजणारे. रोजगारावर जाणाऱ्या बायांच्या डब्यात कंट्रोलचा गहू. आमच्या लहानपणी भाकरी गरिबाची आणि चपाती श्रीमंताची होती. आता डब्याचं झाकण न उघडता, वासावरून मी सांगते, हे घर पगाराचं की हजेरीचं. नव्या सुनांना भाकरी थापता येत नाही म्हणून सासवा कुरकुरतात. थापायला घरात ज्वारी कुठाय?

तेलाचंही तसंच. आमच्याकडं करडईचं तेल खायचे. कंट्रोलवर पामतेल मिळायला लागलं आणि घाण्यावरची गर्दी पातळ झाली. हा विषय मोठा आहे, इथं नको.

आत्तीनं यावर आपला मार्ग काढलाय. ती मला थोडी ज्वारी मागते आणि तिच्यात कंट्रोलचा तांदूळ मिसळून दळते, दोन वाटे ज्वारी, एक वाटा तांदूळ. भाकरी दिसायला पांढरी होते. पण पीठ आधणात मळावं लागतं आणि गार झाली की मोडते. दात नसलेल्या बाईनं अशी भाकरी कालवणात कुस्करून खायची. चपाती खा म्हटलं तर म्हणते, “चपातीनं पोट भरतं, जेवल्यागत वाटत नाही.” तरी बहात्तरपेक्षा बरं, हेही तीच सांगते. तेव्हा परदेशातून आलेला लाल मिलो वाटला होता. त्याची भाकरी थापतानाच चिरायची. मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ती जगली. मिलोचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करते, पण त्याच दमात म्हणते, “दिलं नसतं तर मेलो असतो.”

कायद्यात भरडधान्य नाही असं नाही. गहू दोन रुपये, तांदूळ तीन, तसं भरडधान्य एक रुपया, असं २०१३ पासून लिहिलेलं आहे. मधल्या काळात राज्यातल्या काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारी वाटलीही गेली. मराठवाड्यातल्या एका पाहुणीनं ती दळायला माझ्याकडं आणली होती. खरिपाची संकरित, पावसात सापडून काळपट झालेली. भाकरी खाकी झाली. तिच्या गावात लोक म्हणाले, नको, आमचा गहू द्या. आता हे ऐकून वरच्या कचेरीत कुणी ‘लोकांनाच ज्वारी नको’ असं लिहून मोकळं झालं असेल तर नवल नाही. इथून विजापूर जवळ, तिकडं कर्नाटकात रेशनवर उत्तरेत ज्वारी, दक्षिणेत नाचणी द्यायचा प्रयत्न होतो. त्यांनाही खरेदी पुरत नाही असं ऐकते, पण निदान ताट बघून गोणी भरायचा विचार तरी झाला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्या वर्षी ज्वारीला ‘श्रीअन्न’ असं मोठं नाव मिळालं. आत्तीच्या गोणीत गहू होता.

सणासुदीचं राहिलं. २०२२ च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला. शंभर रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर एकेक किलो आणि पामतेलाची एक लिटरची पिशवी. आला तेव्हा लोक खूश झाले. डाळ चांगली होती, मीच तिचं बेसन दळून दिलं. पुढं हा शिधा कधी आला, कधी अडला, आणि २०२५ ची दिवाळी त्याच्याविनाच गेली. पिशव्या तेवढ्या टिकल्या. माझ्या गिरणीत खुंटीला दळणाच्या पिशव्या टांगलेल्या असतात, त्यावर कोण कुठल्या साली सत्तेत होतं ते फोटोंसकट वाचता येतं. २०२४ च्या होळीला अंत्योदयवाल्यांना साडी मिळाली. आत्तीनं ती नेसून बघितली, घसरते म्हणाली आणि गोधडीला लावली. बाकी, अंत्योदयच्या कार्डावर किलोभर साखर वीस रुपयांत आहे, ती आली तर आली.

आता जाणाऱ्यांसाठी. माल आल्या दिवशी पळू नका, तेव्हा ओळही मोठी आणि सर्व्हरही धापा टाकत असतो. दोन-तीन दिवसांनी सकाळी लवकर जा. घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी झालंय का ते दुकानदाराला मशीनवर बघायला सांगा, तो बघून देतो, पैसे मागत नाही. पावती घेतल्याशिवाय हलू नका आणि पावतीवरचा आकडा काट्याशी जुळवा. जुळला नाही तर तिथंच बोला, फुकटचं असलं तरी बोला. ऐकलं नाही तर १९६७ हा नंबर आहे. आणि गहू दळायला माझ्याकडं आणणार असाल तर आधी चाळून, निवडून आणा. खडा दगडात गेला की चक्की माझी बंद पडते आणि पिठात कचकच लागली की नाव माझं निघतं.